आघाडीचा स्वार

छापखान्यातून आलेला पहिला खोका आमच्याकडे नेहमी सगळ्यांसमोर उघडतात. साहेब स्वतः पट्टी कापतात, प्रत्येकाच्या हातात एकेक पाकीट ठेवतात, आणि मग दहा-बारा पिकल्या केसांची माणसं दातांनी पाकिटं फाडायला लागतात. त्या सकाळीही तसंच झालं. माझ्या पाकिटात पंधरा कार्डं होती. काचेचा रथ, उंदरांनी ओढलेला पलंग, एकचाकी राक्षस, चौथ्या कमानीचा झोपाळू पहारेकरी, सगळी ओळखीची मंडळी एकामागून एक निघत गेली. नववं कार्ड निघालं आघाडीच्या स्वाराचं. मी चित्र पाहिलं, नियम पाहिला, आणि सवयीनं तळाची ओळ वाचली. ‘त्याला कोणी हरवलं नाही. ओळखीच्या आवाजानं हाक मारली, एवढंच.’ मी ती पुन्हा वाचली. ओळ माझीच होती, पण ती तिथं असायला नको होती.

माझी नोकरी म्हणजे या तळाच्या ओळी लिहिणं. आमचा खेळ जादूच्या राज्यांचा आहे, गेली अकरा वर्षं चालला आहे, आणि दरवर्षी त्यात एक नवा संच येतो. मागच्या वर्षी समुद्राखालची राज्यं होती, त्याआधी रोगराईनं ओस पडलेली. यंदा शर्यत. सगळ्या राज्यांचे स्वार, सारथी आणि त्यांची चित्रविचित्र वाहनं सात कमानींखालून धावणार, आणि जो सातवी कमान आधी ओलांडेल त्याचं राज्य जिंकणार. कार्डावर वर चित्र असतं, मध्ये नियम असतो, आणि अगदी खाली, तिरक्या बारीक अक्षरांत, माझी ओळ. ती न वाचता खेळता येतं. बहुतेक लोक ती वाचतही नाहीत. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट कोणी फारसं बघत नाही अशा जागी बोलायला मिळतं, हे मला पहिल्यापासून बरं वाटायचं. का बरं वाटायचं हे मात्र मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

नवा संच तयार होताना आम्ही वर्षभर कच्ची कार्डं खेळतो. कागदाच्या चिठ्ठ्या छापायच्या, जुन्या कार्डावर ठेवायच्या आणि दोन्ही मिळून प्लास्टिकच्या पिशवीत सरकवायची. तळाची जागा रिकामी सोडली तर संगणक सगळी मांडणी वर ढकलतो, म्हणून तिथं काहीतरी खरडून ठेवायचं. ‘भूक लागली.’ ‘नियमवाल्यानं आज पुन्हा तोच शर्ट घातलाय.’ अशा तात्पुरत्या ओळीआधी दोन तारे टाकायचे, हा आमचा शिरस्ता. मांडणीवाली छापायच्या आधी ताऱ्यांच्या सगळ्या ओळी उडवते आणि माझ्याकडून खऱ्या मागून घेते. अकरा वर्षांत एकदाच तारे विसरले होते. तेव्हा एका ड्रॅगनखाली ‘याच्या शेपटीचं काय करायचं ते उद्या विचार’ असं छापून गेलं. लोकांना ते इतकं आवडलं की अजून ते कार्ड जपून ठेवणारे भेटतात. तो विनोद होता. त्यात कोणाचा गुडघा मोडलेला नव्हता.

मी मांडणीवालीच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, “अगं, ही तात्पुरती ओळ होती. उडवली का नाहीस?”

“तारे नव्हते गं.”

“होते. मी टाकले होते.”

तिनं शांतपणे फाइल उघडली. ती कधी चिडत नाही, त्यामुळे तिच्याशी भांडताही येत नाही. तिनं प्रत्येक बदलाची नोंद काढली आणि पडदा माझ्याकडे वळवला. तारे होते. जवळजवळ आठ महिने होते. मग एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, ते काढले गेले होते. काढणाऱ्याच्या रकान्यात मी होते. “तूच काढलेस की,” ती म्हणाली. “मला वाटलं, ओळ पक्की झाली.” मी त्या रकान्याकडे बघत राहिले. तो मंगळवार मला आठवत होता. खिडक्या पुसणारे आले होते, बाहेरच्या बाजूनं दोरीवर लोंबकळत होते, आणि त्यांच्यातल्या एकानं काचेवरच्या फेसात बोटानं हसरा चेहरा काढला होता. चहा गार झाला होता तेही आठवत होतं. तारे काढल्याचं आठवत नव्हतं. माझ्या हातांनी ते मला न विचारता केलं असावं, किंवा विचारूनच केलं असावं आणि मी कानावर हात ठेवले असावेत. तिथं उभ्या उभ्या मला माझ्याच बोटांची भीती वाटली.

साहेबांना मी म्हटलं की ती ओळ बदलायला हवी. ते हसले. “सगळा माल छापून झालाय, गाड्या निघाल्यात. आणि बदलायची कशाला? संचातली सगळ्यात चांगली ओळ आहे.” मग म्हणाले, “शनिवारची तयारी झाली ना? घरचंच दुकान आहे म्हणून गाफील राहू नकोस.” दरवर्षी नव्या संचाची ओळख आम्ही एका दुकानात करून देतो. यंदा शर्यत म्हणून सायकलींचं दुकान निवडलं होतं, आणि आमच्या माहितीत सायकली दुरुस्त करणारं आणि कार्डंही विकणारं दुकान एकच होतं. माझ्या दादाचं. ती कल्पनासुद्धा मीच बैठकीत मांडली होती. आघाडीचा स्वार साधं कार्ड असू दे, दुर्मिळ नको, असा हट्टही मीच धरला होता. त्यामुळे तो आता दर दोन पाकिटांमागे एकात निघणार होता. हे सगळं मी एकेक करून, वेगवेगळ्या दिवशी, अगदी चांगली कारणं देऊन केलं होतं. एकत्र ठेवून पाहिल्यावर ते एखाद्या वर्षभर चाललेल्या कटासारखं दिसत होतं आणि कट करणारी मला ओळखीची वाटत नव्हती.

घरी परतताना मी तीन थांबे आधीच उतरले आणि चालत राहिले. दुपारची वेळ होती. सिग्नलपाशी एक सायकलवाला एक पाय जमिनीवर टेकवून उभा होता. ब्रेकच्या दांडीवर त्याची दोन बोटं अलगद ठेवलेली होती. दादा तशीच ठेवायचा. तो एकोणीस वर्षांचा होता, मी तेरा. दादा तेव्हा सायकलच्या शर्यतींत उतरायचा, आणि त्या वर्षीच्या शर्यतीतून संघ निवडणार होते. बाबा कारखान्यात यंत्रं जुळवायचे, आणि शर्यतीच्या सकाळी सायकल दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. अंगणात वर्तमानपत्र पसरून त्यावर नट आवळायचे पाने ओळीनं मांडायचे, मोठ्यापासून लहानापर्यंत. सायकल धरायचं काम माझं. त्या सकाळीही मीच धरली होती. त्यांनी मागचं चाक फिरवलं, ब्रेक दाबला, चाक थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा दाबला. मग पुढचं. “ठमे, हलू नकोस,” ते म्हणाले. मला शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन उतारावरच्या वळणाशी जागा पकडायची होती, म्हणून मी सारखी चुळबुळ करत होते. ते हसले आणि त्यांनी माझ्या नाकाला ग्रीसचं बोट लावलं. ते पुसायचं राहिलं म्हणून मी दिवसभर नाक काळं घेऊन हिंडले. संध्याकाळी हॉस्पिटलच्या आरशात दिसलं तेव्हा ते तसंच होतं.

मैत्रिणींना मी सांगून ठेवलं होतं की माझा दादा मला बघून हात करणार. त्यांचा विश्वास नव्हता. एक म्हणाली होती, शर्यतीत कोण बहिणीकडे बघतं? तो वरच्या वळणावर दिसला तेव्हा एकटाच होता, बाकीचे खूप मागे. आवाज नव्हता, फक्त चाकांची बारीक सरसर. तो समोरून गेला, माझ्याकडे न बघता, आणि मला माझ्या मैत्रिणींचे चेहरे दिसले. मी सगळा जीव एकवटून ओरडले, “दादा!” त्यानं वळून पाहिलं. थेट माझ्याकडे. तो हसला की नाही हे मी सव्वीस वर्षं आठवायचा प्रयत्न करते आहे, कधी हसतो, कधी नाही. मग रस्ता वळला आणि तो वळला नाही.

गुडघा तीन ठिकाणी मोडला होता. हॉस्पिटलात बाबांनी खाटेवर वाकून विचारलं, “काय झालं रे?” मी पायथ्याशी उभी होते. दादानं डोळे उघडले, बाबांकडे पाहिलं, आणि म्हणाला, “ब्रेक लागला नाही, बाबा.” बाबा सरळ उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, “माझ्याच हातून राहिलं असेल.” मी तोंड उघडलं होतं. ते उघडलेलं तोंड मला अजून जाणवतं, जबड्याच्या सांध्यात, कधी कधी जेवताना. मग मी ते मिटलं. त्यानंतर बाबांनी पान्याला हात लावला नाही. शेजारीपाजारी नळ गळायला लागला की त्यांनाच बोलवायचे, तेही बंद झालं. पाने त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेले. दादा बरा झाला, पाय ओढत चालायला लागला, आणि दोन वर्षांत वेगळा राहायला गेला. बाबांशी तो हो-नाहीपुरतं बोलायचा. समोर बसला तरी भिंतीकडे बघून जेवायचा. मला तो राग वाटायचा. बाबांनाही तो रागच वाटत असावा, कारण ते त्याच्या पानात स्वतःच्या हातानं वाढायचे आणि मागे सरायचे.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले. शेवटच्या आठवड्यात मीच जवळ असायची. एका सकाळी त्यांची चादर नीट करत होते, तर त्यांनी माझं मनगट धरलं. पकड अजून कारखान्यातल्यासारखी होती. म्हणाले, “ठमे, सायकल तू धरली होतीस ना? मी ब्रेक तपासला होता ना गं?”

मी म्हटलं, “झोपा बाबा.”

या दोन शब्दांबद्दल मी कोणाला काही सांगितलेलं नाही. निदान हाकेचं मी समजू शकते, तेरा वर्षांची होते. झोपा म्हणाले तेव्हा पस्तीस वर्षांची होते. हो म्हणायला तेवढाच वेळ लागला असता. पण हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की मग पडला कशानं, आणि त्या प्रश्नाला मी घाबरले. मरणाऱ्या माणसापेक्षा मी स्वतःला सांभाळलं. आणि दादाचं काय, तेही मला कधी कळलं नाही. पडल्यामुळे त्याला हाक आठवतच नसेल, तर तो सव्वीस वर्षं बाबांना खरोखरच दोषी मानत आला होता, आणि ते माझ्यामुळे. आठवत असेल, तर त्यानं जाणूनबुजून बाबांचं नाव घेतलं होतं, आणि तेही माझ्यामुळेच. मी दोन्ही शक्यता आलटूनपालटून बाळगल्या, आणि दोन्हींत माझी सुटका नव्हती.

गुरुवारी मी दुकानात गेले, खोके अडवता येतील का ते बघायला. काय करणार होते देव जाणे. पाकिटं बंद असतात, आत काय आहे हे बाहेरून कोणालाच कळत नाही, ते मला माहीत नसेल तर कोणाला असणार? दादा एक सायकल उलटी टांगून मागच्या चाकाच्या तारा ताणत होता. दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात खेळायची टेबलं आहेत, मागे पडद्याआड दुरुस्ती. येणारी जाणारी सगळी त्याला दादाच म्हणतात, कॉलेजातली पोरं, निवृत्त शिक्षक, कामावरून परस्पर येणारी नर्स. कोणी मोठ्यानं “दादा!” म्हटलं की मी आजही दचकते आणि आधी त्याच्या पायांकडे बघते.

“खोके आले?” मी विचारलं.

“कालच. हात नाही लावलेला. शनिवारी तुझ्यासमोरच फोडायचे.” त्यानं चाकाला टिचकी मारून आवाज ऐकला. “यंदा काय काय लिहिलंयस?”

“नेहमीचंच.”

“तुझ्या ओळी मी वाचून दाखवतो सगळ्यांना, माहितेय ना? पहिलं पाकीट माझं. लोक खेळायचं सोडून ऐकतात.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुझा चेहरा का असा? दात दुखतोय का?” मी हो म्हटलं. त्यानं ड्रॉवरमधून लवंग काढून दिली आणि मी ती दाताखाली धरून घरी गेले, नसलेल्या दुखण्यावर.

शनिवारी सकाळी अकराला दुकान भरलेलं होतं. उभं राहायला जागा नव्हती. मी सात कमानींबद्दल बोलले. पुढे असणाऱ्याचा मान काय आणि धोका काय, मागे राहून कसं जिंकता येतं, कमान ओलांडताना कोणती कार्डं उलटी करायची, सगळं नीट सांगितलं. माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता, चांगला ठणठणीत, दुसऱ्याच कोणाचा तरी. लोक हसत होते, म्हणजे मी विनोदही केले असणार. मग दादानं खोका फोडला, पहिलं पाकीट घेतलं, चष्मा चढवला आणि एका उंच स्टुलावर आखडलेला पाय लांब करून बसला.

त्यानं वाचायला सुरुवात केली. राक्षसाच्या ओळीला हशा पिकला. पहारेकऱ्याच्या ओळीला नर्सनं टाळी वाजवली. त्याचा आवाज वाचायला चांगला आहे, सावकाश, जिथं थांबायचं तिथं थांबणारा. मी त्याच्या हातातल्या कार्डांची जाडी बघत होते. पाच राहिली, चार राहिली. या पाकिटात नसेलही, दोनातून एकात असतो, मी मनातल्या मनात म्हणत होते. तेवढ्यात त्यानं पुढचं कार्ड वर घेतलं आणि चित्राशीच थांबला. संचातले सगळे स्वार बाजूनं काढलेले आहेत, हा एकटाच मान वळवून बघणाऱ्याकडे बघतो. चित्रकाराला तसं मीच सांगितलं होतं.

“आघाडीचा स्वार,” तो म्हणाला. “हा सर्वांत पुढे असताना प्रतिस्पर्धी त्याला एकदा हाक मारू शकतो. हाक मारल्यास त्याची पुढची पाळी जाते.” मग तळाची ओळ वाचली. पहिलं वाक्य मोठ्यानं. दुसरं अर्ध्यावर बारीक होत गेलं, आणि ‘एवढंच’ फक्त ओठांनी. कोणाला काही वेगळं वाटलं नाही. निवृत्त शिक्षक म्हणाले, “वा.” दादानं कार्ड शर्टाच्या खिशात घातलं, उरलेली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “चला, तुमची तुमची फोडा आता.” आणि पडद्यामागे गेला.

मी मागोमाग गेले. तो उलट्या टांगलेल्या सायकलपाशी पाठमोरा उभा होता. बाहेर पाकिटं फाटत होती.

“दादा, हाक मी मारली होती.”

“माहितेय.”

“तुला आठवतं?”

“ऐकू आली म्हणून तर वळलो.” त्यानं चाकावर हात ठेवला. “ब्रेक चांगला होता. हॉस्पिटलातून घरी आलो त्याच दिवशी दाबून बघितला. चाक जागच्या जागी थांबलं.”

“मग ब्रेक का म्हणालास?”

त्यानं चाकाची एक तार चाचपली. बाहेर कोणीतरी ओरडलं, मला पण स्वार आला, आणि ओळ वाचली. दुसरं कोणीतरी म्हणालं, मला पण. पडद्याआडून ती ओळ दोनदा, तीनदा आत आली.

“तू पायथ्याशी उभी होतीस,” दादा म्हणाला. “नाक काळं, आणि तोंड असं उघडं. ते बघितलं आणि माझ्या तोंडातून ब्रेक निघालं. नंतर सांगणार होतो. पण बाबांनी पाने माळ्यावर टाकले. मग आज सांगू, उद्या सांगू. तू लहान होतीस, ते मोठे होते. मला वाटलं, त्यांना झेपेल.” त्यानं चष्मा काढला. “नंतर त्यांच्याकडे बघवायचंच नाही मला.”

म्हणजे तो राग नव्हता. भिंतीकडे बघून जेवणारा माझा भाऊ इतकी वर्षं लाजेनं मरत होता, आणि त्याच्या पानात वाढणारा बाप ते राग समजून मागे सरत होता. आणि मी, जिला सगळं माहीत होतं, मध्ये बसून भात कालवत होते. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्याला बाबांनी काय विचारलं होतं ते सांगितलं. मनगट धरल्याचं, पकडीचं. 

“तू काय म्हणालीस?”

“झोपा म्हटलं.”

त्यानं मान हलवली, जसं एखाद्या सायकलचं दुखणं अखेर सापडल्यावर हलवतो. चाक हातानं हळूच फिरवलं. ते सरसरत राहिलं. “आता सांग,” तो म्हणाला.

“कोणाला?”

मी फिरत्या चाकाकडे पाहिलं. माझा जबडा दुखत होता, त्या जुन्या जागी. मग मी म्हटलं, “तपासला होता तुम्ही. दोनदा. मागचा आधी, मग पुढचा. सायकल मीच धरली होती, बाबा.” म्हणून झालं. खोलीत काहीच बदललं नाही. ऐकायला हवं होतं तो माणूस तिथं नव्हता. दादानं ब्रेकच्या दांडीवर दोन बोटं ठेवली आणि दाबली, आणि चाक थांबलं.

“दादा!” बाहेरून कोणीतरी जोरात हाक मारली. “अहो दादा, इकडे या ना!” त्यानं वळून पाहिलं नाही.